उपड्या पाटीवरचे केस

माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे न्हाऊन गच्चीवर गेलं की वेणी घालेपर्यंत केस वाळलेले असायचे. लग्न होऊन अर्नाळ्याला आले आणि पहिल्याच आषाढात कळलं, इथली हवा केस वाळूच देत नाही. सकाळी धुतलेले केस संध्याकाळी अंबाड्यात ओलेच, वर कुबट वास.

सासूबाईंनी तेव्हा शेगडी पेटवली. नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या सालींचे, निखारे, त्यावर ऊद, आणि वर उपडी घातलेली बांबूची पाटी. "घाबरू नको बाय, मासळीची नाय ही, नवीन हाय," म्हणाल्या. दर रविवारी न्हाऊन मी आडवी पडायचे आणि त्या माझे केस पाटीवर पसरून बोटांनी मोकळे करत बसायच्या. आईनेसुद्धा माझं इतकं केलं नव्हतं.

मग एकदा माझ्या बोरिवलीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नाक वर करून विचारलं, "घरी काही जळलं का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याच शनिवारी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये खांद्यापर्यंत केस कापून टाकले.

घरी सासूबाईंना सांगितलं, "फार गळायला लागले, आई. म्हणून कापले."

त्यांनी माझ्या मानेवरून हात फिरवला. पण पुढच्या रविवारी शेगडी पेटली नाही. शेजारणीशी बोलताना मी ऐकलं, "माझ्या धुरीची धग लागली गं सुनेच्या केसांना." तेव्हाच बाहेर येऊन बोलायला हवं होतं. मी आत भांडी घासत राहिले. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं.

मुलगी झाली. बाळाला धुरी द्यायचा मान आजीचा. त्यांनी हात मागे घेतले. "नको, माझा हात चांगला नाय." धुरी दुसऱ्याच बाईंनी दिली आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. तेव्हाही मी गप्पच.

मुलगी कॉलेजात जायला लागली. यंदा श्रावणात सासूबाईंना ताप आला. उतरल्यावर मी त्यांना न्हाऊ घातलं, पण त्यांचे ते मूठभर पांढरे केस काही केल्या वाळेनात, वर खोकला. मी माळ्यावरून शेगडी आणि बांबूची पाटी काढली.

"ठेव ती परत," त्या म्हणाल्या. "तुझे केस गेले तेवढं पुरे."

"गळले नव्हते, आई. ऑफिसात बायका धुराच्या वासाला हसल्या, म्हणून मी चांगले केस कापले. तुमच्याशी खोटं बोलले."

मी शेगडीत सोडणं रचून पेटवली.

"म्हंजी धुरीनं नाय?"

"नाही."

"मेले, मग पोरीला तरी धुरी देऊ द्यायची होतीस!"

त्यांनी डोळे पुसले, पाटी सारखी केली आणि आडव्या झाल्या. मी ऊद टाकला. त्यांच्या केसांखालून धूर हळूहळू वर येऊ लागला. मी बोटांनी केस मोकळे करत होते, त्या माझे करायच्या तसेच. त्यांनी हात झिडकारला नाही.

थोड्या वेळाने डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "पोर कॉलेजातून आली काय? भिजली असंल. बोलव तिला, आज मी देते धुरी. पन आधी तिला सांग, तू काय केलंस ते."

मी उठले आणि जिन्याकडे तोंड करून मुलीला हाक मारली.