लोटन सरांचा दमलेला इलेक्ट्रॉन

धुळ्याच्या देवपुरात लोटन सरांचा बारावीचा क्लास आहे. पाटीवर ‘भौतिकशास्त्राचे भीष्म’. ही पदवी सरांनी स्वतःच सुचवली, असं पाटीवाल्याकडून कळलं.

सर शिकवत नाहीत, वही सांगतात. तरुणपणी कुठल्याशा पुस्तकावरून उतरवलेली वही; मग तिची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. दरवेळी पानाचा खालचा काठ थोडा कापला गेला. मूळ वही केव्हाच हरवली. अणूच्या पानाखाली आता एवढंच उरलंय: ‘इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरताना’. पुढचं पान सुरू होतं, ‘म्हणून अणू अस्थिर ठरतो.’ मधलं कारण गेलं. सरांनी ते पदरचं घातलं: फिरून फिरून इलेक्ट्रॉन दमतो!

माझी भाची मयुरी हिने चाचणीत खरं कारण लिहिलं. शून्य मिळालं. वर दम: उत्तर सुधारून आण, नाहीतर क्लास सोड. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. मी बीएस्सी झालेली बाई. कणीक झाकून ठेवली आणि तिच्याबरोबर क्लासात गेले.

“सर,” मी शांतपणे म्हटलं, “गोल फिरणारी वस्तू सतत दिशा बदलते, म्हणजे तिला प्रवेग असतो. विद्युतभाराला प्रवेग असला की त्यातून प्रकाशासारख्या लहरी बाहेर पडतात. ऊर्जा गेली की कक्षा आकसत जाते, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत इलेक्ट्रॉन केंद्रकावर आदळायला हवा. जुनं भौतिकशास्त्र असं सांगतं. पण तुमचं हे टेबल तर उभं आहे. म्हणजे ते शास्त्र अणूपुरतं चुकतं.”

“वहीमा शे का हे?”

“नाही.”

“मग? बठ्ठा वर्ग ‘दमतो’ लिहितो. ही एकटी शहाणी? ताई, बावीस वर्षं झाली मला.”

“सर,” मयुरीने विचारलं, “मग चंद्र अजून कसा दमला नाही?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

“चंद्र अकरावीला होता,” ते म्हणाले. “बारावीला नाही. उत्तर बदलतेस का?”

“नाही. माझं नाव काढा, सर.”

सरांनी हजेरीतलं नाव खोडलं, मोठ्या समाधानाने. मग पुढचा प्रश्न सांगायला घेतला आणि चाळीस माना मुकाट्याने खाली गेल्या. मयुरी आता रोज दुपारी माझ्याकडे अभ्यासाला येते.