साडूंची फौज

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात जेवढी माणसे, वस्तू आणि घोडे नापास केले, तेवढी पोरे एखाद्या बोर्डानेही केली नसतील. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंग तपासण्याची त्यांची नोकरी होती. ओतून आलेला प्रत्येक नग हातोडीने वाजवून पाहायचा, आवाज बद्द आला की ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला सारायचा. पुढे ही सवय फौंड्रीच्या फाटकाबाहेर पडली आणि घरात शिरली. नारळ, कलिंगड, माठ हे तर वाजवून घ्यायचेच जिन्नस. पण साडू दुकानातली खुर्चीही वाजवून घेत. माझ्या लग्नाच्या बोलणीत ते मुलीकडून आले होते. त्यांनी माझा खांदा दाबून पाहिला, पाठीवर दोन थापा मारल्या आणि माझ्या वडिलांच्या देखत निकाल दिला, “कास्टिंग बरं हाय. पॉलिश कमी हाय.” मला वाटते, त्यांच्या हातून पास झालेला मी एकमेव माणूस असेन, तोही काठावर.

पण हे सगळे किरकोळ. त्यांची खरी परीक्षा असे ती धातूच्या शिपायांची. त्यांचा एक भाचा विलायतेत होता. तिकडे मोठमोठी माणसे टेबलावर लढाया खेळतात, हे त्यानेच नव्वदच्या सुमाराला या घरात आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे मराठे आणि मोगल शिपाई, घोडेस्वार, शिसे-कथलाचे ओतलेले. आपण रंगवायचे, फळीवर मांडायचे, टेपने अंतर मोजून चाल करायची आणि फासे टाकून कोण मेले ते ठरवायचे. साडूंनी मधल्या खोलीत भलीमोठी प्लायवूडची फळी टाकली, तिच्यावर प्लास्टरचे डोंगर उठवले, एक खिंड केली, निळ्या रंगाची नदी सोडली. त्या दिवसापासून त्या घरात पाहुण्यांची पंगत स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसू लागली. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, वाढता वाढता म्हणायची, “जेवा बाबांनो सावकाश. आमची जागा मोगलांनी घेतलीया.”

भाचा दर हिवाळ्यात पाकिटे घेऊन येई आणि मग परीक्षा सुरू होई. आधी शिपाई तळहातावर घेऊन डोळे मिटून वजन बघायचे. मग साच्याची दोन अर्धुके जिथे जुळतात तिथली रेघ अंगठ्याच्या नखाने चाचपायची. मग घड्याळवाल्याकडून आणलेले भिंग डोळ्याला लावून नाकीडोळी तपासायची. इथवर जो टिकला त्याची इतिहासाची तोंडी परीक्षा. “ह्यो घोडा न्हाय पावणं, ही म्हस हाय,” ते मला म्हणत. “आपली तट्टं कशी, चिपाडागत. ह्ये असलं धूड घाटात चढलं असतं व्हय?” एकदा एका मावळ्याच्या पायात त्यांना गुडघ्यापर्यंत बूट सापडले. ते बूट त्यांनी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंगातून दाखवले. दूधवालासुद्धा पाहून गेला आणि हळहळला.

या फौजेला शत्रू होता तो कागलचा. कागलात कापडाचे दुकान असलेले अण्णा हे साडूंचे शाळेपासूनचे दोस्त. घर लिंगायत, गळ्यात लिंग, केकात अंडे आहे का हे चारदा विचारल्याशिवाय तुकडा तोंडात न घालणारा माणूस. पण आख्ख्या जिल्ह्यात मोगल व्हायला दुसरे कोणी तयार होईना, तेव्हा अण्णांनी ती जबाबदारी घेतली. दर रविवारी सकाळच्या एसटीने ते येत, पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून ताईच्या हवाली करत, आणि फळीच्या पलीकडच्या खुर्चीवर बसून आपले मोगल मांडत. लढाई खरी कुठलीच नव्हती. खऱ्या लढाईत कोणी जिंकावे यावर दोघांचे वाद झाले असते, म्हणून त्यांनी आपली एक खिंडीतली लढाई काढली होती, इतिहासात न घडलेली.

ती फळीवरही घडत नव्हती. कारण साडूंचा नियम होता: नापास शिपाई रणात उतरणार नाही आणि फौज पुरी झाल्याशिवाय लढाई सुरू होणार नाही. अण्णा मोगल मांडून बसत आणि साडू भिंग लावून बसत. कुणाच्या भाल्याला बाक, कुणाची पगडी ब्राह्मणी, कुणाच्या रिकिबीत पाय नीट नाही. “साकु की आता, पुरं कर,” अण्णा वैतागून म्हणत. “किती बघतोस गड्या? मला एकदा हरवून तरी टाक, न्हाईतर जिंकू तरी दे. कायतरी होऊ दे की!” साडू मान हलवत. मग चहा होई, कापडाचे भाव होत, शाळेतल्या मास्तरांच्या नकला होत, जेवण होई आणि अण्णा संध्याकाळच्या गाडीने परत जात. अशी कितीतरी वर्षे गेली. अण्णांना मात्र ती लढाई खरोखर खेळायची होती. एकदा पायरी उतरताना ते मला म्हणाले, “पावणं, माझी पहिली चाल ठरल्याली हाय. नदीकडनं. कुणाला सांगू नका.”

पुढे अण्णांचे गुडघे गेले. मुलगा बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याने दुकान पुतण्याकडे सोपवायला लावून त्यांना तिकडे न्यायचे ठरवले. शेवटच्या रविवारी अण्णा नेहमीसारखे आले. मोगल मांडले, फासे हातात घेऊन बसले. आज तरी होईल असे मलाही वाटले. साडूंनी एक घोडेस्वार उचलला, बराच वेळ भिंगाखाली धरला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “रिजेक्ट.” अण्णांनी फासे खाली ठेवले. जाताना आपली फौज त्यांनी तिथेच सोडली. “ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. बेंगळुरात मला मराठा कोण गावतोय?”

मला साडूंचा फार राग आला. हिवाळ्यात भाचा नवी पाकिटे ठेवून गेला, ती महिनाभर तशीच पडली होती. मग एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतले, पाकिटे फोडली आणि एकेक शिपाई सरळ फळीवर ठेवत सुटले. भिंग नाही, नख नाही. “पास. पास. ह्योबी पास.” मी न राहवून विचारले, “आता पास? अण्णा होते तेव्हा काय झालं होतं?” ते थांबले. “फौज कवाच पुरी झालती, पावणं. पर लढाई एकदा झाली की संपली. मग अण्णा कशाला आला असता कागलातनं?” आणि एवढा मोठा माणूस, फौंड्रीत ज्याच्या नुसत्या खाकरण्याने कामगार सावरून उभे राहत, तो फळीच्या कडेवर हात ठेवून रडला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्याच महिन्यात आम्ही दोघे बेंगळूरला गेलो. ताईने पापडाचे डबे रिकामे करून दिले, त्यांत कापसात गुंडाळलेल्या दोन्ही फौजा. अण्णांच्या सुनेने जेवणाचे टेबल मोकळे केले. साडूंनी मराठे मांडले, मोगलही मांडले, फासे अण्णांच्या समोर ठेवले आणि घसा साफ करून म्हणाले, “सगळी पास हाईत. कर चाल.”

अण्णांनी फासे उचलले. टेबलाकडे पाहिले, साडूंकडे पाहिले. मग फासे खाली ठेवून त्यांनी चष्मा लावला, आपलाच एक मोगल घोडेस्वार उचलला आणि खिडकीकडे धरून फिरवून फिरवून बघितला. “ह्येच्या घोड्याचा कान झिजलाय की रे,” ते सावकाश म्हणाले. “न्हाई चालायचा. रिजेक्ट. दुसरा आणाय पायजे तुला.”

साडूंनी फासे उचलून खिशात टाकले. मग म्हणाले, “आणतो की. फुडल्या म्हयन्यात आणतो.”

जेवणे झाली. फौज डब्यात भरायचे काम माझ्याकडे आले. तो नापास घोडा मी उजेडात धरून पाहिला. दोन्ही कान जागच्या जागी होते. कापसात गुंडाळून तो डब्यात ठेवला. आतल्या खोलीत दोघांचे पुढच्या महिन्याच्या गाडीचे ठरत होते, एकमेकांवर ओरडून ओरडून, आणि मला एकदम फार एकटे वाटले. ज्याच्यासाठी एखादे काम अर्धे ठेवावे असा माणूस मी आयुष्यात जोडलाच नव्हता.