अरादचा दुसरा किल्ला

युरोपातल्या एका जुन्या शहरात नातीला घेऊन किल्ला बघायला गेले होते. तिथे मुलांना चिखलाचे बुरूज करायला देतात. तिच्या हातांना ओल्या मातीचा वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या बहारीनला पोचले.

दिवाळी होती. माझ्या मुलाला, अजयला, किल्ला हवाच होता, पण बिल्डिंगखालची वाळू काही उभी राहीना. म्हणून शुक्रवारी हे आम्हांला अरादच्या किल्ल्याजवळ समुद्रावर घेऊन गेले. तिथेही बुरूज ढासळतच होते. शेवटी किल्ल्याचा म्हातारा राखणदार बादलीभर काळा चिखल घेऊन आला आणि "यल्ला!", म्हणजे चला, म्हणत आमच्यात बसला. किल्ला उभा राहिला. अजयने मुंबईहून आणलेले मातीचे शिवाजी महाराज वर बसवले.

"ये कौन?" म्हाताऱ्याने विचारलं.

हे सित्राच्या कारखान्यात कामाला होते; तिथे मोठ्या साहेबाला मुदीर म्हणत. यांना तेवढीच अरबी येत होती. "मुदीर," हे म्हणाले, "सबसे बडा मुदीर."

म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून सलाम केला. निघताना किल्ला मोडून महाराज काढून घ्यायला अजय तयार होईना, तेव्हा म्हातारा म्हणाला, "रहने दो. मैं देखेगा."

पुढच्या शुक्रवारी गेलो, तर किल्ला भरतीने नेला होता. महाराज मात्र खऱ्या किल्ल्याच्या दारापाशी राखणदाराच्या खुर्चीवर बसले होते, आणि तो शेजारी उभा होता.