फोनवरचा दमेकरी

आमच्या घरी फोन आला आणि घरातलं बोलणं बंद झालं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनसाठी अर्ज कधी केला होता ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण कन्नड-मराठी सीमेवरच्या आमच्या मुडबी गावात नवं आटोमेटिक यंत्र बसलं आणि अचानक आमचा नंबर लागला. त्याआधी कुणाला फोन करायचा तर मध्ये एक माणूस असे. तो आधी सगळी चौकशी करून घेई (आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर पोचवी), मग पलीकडच्याला सांगे, "मुडबीहून अमके बोलायलेत, बोला." आता तो माणूस गेला. नंबर फिरवला की थेट घरात घंटी!

घंटी वाजायला लागली. उचलावं तर पलीकडे कुणीच नाही. ठेवावं तर पुन्हा घंटी!

तारा जोडणारे रशीदभाई येऊन बघून गेले. "मशीन नवा है ना जी. तारां को हवा लगी तो खुद-ब-खुद बजता. दिल पे नक्को लेव."

"खुद-ब-खुद तर झाडाचं पान बी हालत न्हाई," अप्पा ते गेल्यावर म्हणाले. "ह्याच्यामागं मानूस हाय."

मागं कोण, यावर घरात एकमत होईना. अप्पांच्या मते चोर. घरात कोणी आहे की नाही, हे बघून ठेवायलाय. मायच्या मते भाऊबंद. नंदाचं लग्न जुळायलंय म्हणून त्यांच्या पोटात दुखायलंय. शेजारच्या काकूंनी उगाच 'फोन कसाय तुमचा?' म्हणून विचारलं, तर मायनं त्यांचं दह्याचं विरजण परत पाठवलं.

नंदा माझी धाकटी बहीण. तिला कडगंची गावचे लोक बघून गेले होते. मुलगा आळंदला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर, हसरा, बोलायला गोड. त्याचे वडील शिवरामअण्णा जाताना म्हणाले होते, "घरी इचारून फोन करतो. आता हाय की तुमच्याकडं फोन!" नंदाला मुलगा आवडला होता. तसं ती म्हणाली नाही, पण तेव्हापासून ती रोज फोन पदरानं पुसायला लागली, तेवढ्यावरून कळत होतं. मलाही ते स्थळ जाऊ नये असं मनापासून वाटत होतं. त्यामुळे फोनचा रिसीव्हर काढून ठेवणं शक्य नव्हतं. कडगंचीचा फोन आला आणि लागलाच नाही तर?

मग बंदोबस्त सुरू झाला. मायनं फोनला गोधडीत गुंडाळलं. आवाज कमी झाला, पण दर अर्ध्या तासानं गोधडी थरथरायला लागली आणि एक पाव्हणी ते बघून जेवण अर्धं टाकून उठली. अप्पांनी फोन ज्वारीच्या रिकाम्या पिंपात ठेवून बघितला. तेव्हा तर तो अख्ख्या गल्लीला ऐकू गेला! लोक दारात येऊन विचारायला लागले, "कोन्ती पूजा हाय?"

शेवटी मी पुढे झालो. मी मंठाळच्या शाळेत पी.टी. मास्तर. त्या काळात रहस्यकथा फार वाचायचो, त्यामुळे गुन्हेगारांची मला चांगलीच माहिती होती (असं मला वाटायचं).

"अप्पा, आपण चुकतोय कुठं? फोन उचलला की आपणच आधी बोलतो. चोराला कळतं, घरात कोण आहे. आता कुणीच आधी बोलायचं नाही. उचलायचं आणि गप्प राहायचं. चोर आपोआप तोंड उघडतो."

"आन कडगंचीचा फोन आला तर?" नंदानं विचारलं.

"ते चोर आहेत का? ते बोलतील की!"

फोनवर बसायची ड्युटी माझ्याकडे आली. तुरीच्या राशी चालू होत्या, हवेत नुसता भुसा, आणि माझं नाक दरवर्षीप्रमाणे गच्च बंद. मी उचलायचो आणि तोंडानं श्वास घेत बसायचो. बहुतेक वेळा पलीकडे नुसती खरखर. पण दोन दिवसांनी एक वेगळाच फोन आला. पलीकडे माणूस होता! त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी गप्प. तो गप्प. मी खूण केली, तसे अप्पा आणि माय धावत आले. अप्पांनी कान लावला, मायनं लावला.

"दम धरून बसलाय मेला," माय कुजबुजली.

फोन तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तो एकदा खाकरला. मी एकदा नाक ओढलं. बोललं कुणीच नाही. आठवडाभर आमचं हे चाललं. चिकट माणूस होता, पण मीही हार मानणारा नव्हतो! शेवटी एका संध्याकाळी मायचा संयम सुटला.

"बघत काय बसलास? वाजीव की!"

गळ्यात शाळेची शिट्टी होतीच. छातीत हवा भरली आणि रिसीव्हरमध्ये अशी फुंकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पलीकडून "अप्पप्पा!" असं काहीसं आलं आणि फोन बंद.

त्या दिवसापासून तो फोन आला नाही. मायनं शिरा केला. अप्पांनी पाठीवर थाप मारून "शाब्बास" म्हटलं, जे त्यांनी माझ्या मॅट्रिकलाही म्हटलं नव्हतं.

पण कडगंचीचाही फोन येईना. दिवस जात राहिले. नंदानं फोन पुसणं सोडलं. त्याच्यावर धूळ दिसायला लागली, तसा तो शिरा मला आतून टोचायला लागला.

आणि एका सकाळी शिवरामअण्णा स्वतःच दारात उभे. एकटेच. चेहरा उतरलेला, उजव्या कानात कापूस. आत आले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे हात जोडले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कवा झालं?"

"फोन व्हय?" अप्पा म्हणाले. "झाला की महिना."

"फोन न्हाई ओ. ते मानूस."

"कोन्तं मानूस?"

"लपवू नगासा, अप्पा. माज्या कानानं ऐकलोय मी. रोज फोन उचलतंय, बोलना गेलंय, नुसतं घुरघुर, घुरघुर. शेवटी तर छातीतनं शिट्टीच वाजली. काय ती शिट्टी! माजा कान बसला. पोराला इचारलो, दवाखान्यात असतंय ते. म्हनलं, छातीत शिट्टी वाजली म्हंजे दमाच. तवाच मला वाटलं, सपलं हे मानूस." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "सोयरीक र्‍हावो न र्‍हावो, मातीला न्हाई तर दुखाचं दोन शब्द बोलायला तरी जावं, म्हनून आलो. तुमच्या घरात दम्याचा आजार हाय, हे आदी सांगायचं व्हतं, एवढंच माजं म्हननं."

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. माय माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघत होतो. नेमकं तेव्हाच माझं नाक वाजलं.

अण्णांनी चपापून डावा कान माझ्याकडे वळवला.

"दादा," आतल्या दारातून नंदा म्हणाली. तिचा आवाज मी इतका थंड कधी ऐकला नव्हता. "शिट्टी वाजीव."

"अगं, आत्ता..."

"वाजीव म्हनलं न्हवं!"

वाजवली. बेतानंच. अण्णा जागेवरून हातभर उडाले आणि कापसाच्या कानावर हात दाबून ओरडले, "हेच! हेच ते मानूस!"

मग सगळं सांगावं लागलं. चोर, भाऊबंद, गोधडी, पिंप, रहस्यकथा. अण्णा ऐकत होते आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. स्थळ गेलं, असं मी मनाशी धरलं. अप्पांना मात्र एक विचारल्याशिवाय राहवेना. "पर अण्णा, तुमी कामून बोलला न्हाईत?"

"मी कसं बोलू? आदी मदला मानूस सांगायचा, कोन उचलायलाय ते. आता नंबर कुठं लागला, कसं कळावं? कन्नड मानूस हाय, का मराठी हाय, का मुसलमान हाय? पुढच्याची भाषा ऐकायची, मग त्या भाषेत बोलायचं. आमच्याकडं रीत हाय. मी भाषा ऐकायलतो!"

"आन आमी तुमचं तोंड उघडायची वाट बघायलतो," अप्पा म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग अण्णाच म्हणाले, "अप्पा, 'जयभीम' म्हनलो असतो तर? त्येला कुठं कन्नड-मराठी लागतंय?"

खरंच की! दोन्ही घरांत दिवसाची सुरुवात ज्या शब्दानं होते, तोच दोघांनी आठवडाभर गिळून ठेवला होता. अण्णा आधी हसले. मग असे हसले की कापूस कानातून खाली पडला. आत नंदा रडतेय की हसतेय ते कळेना, पण थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली आणि जाता जाता तिनं पदरानं फोन पुसला.

अडचण एकच राहिली. अण्णांच्या मालकिणीला, म्हणजे मुलाच्या आईला, आमच्या घराण्यात दमा असल्याची खात्री पटलेली होती. तेव्हा पुढच्या रविवारी मला कडगंचीला नेण्यात आलं आणि अर्ध्या गावासमोर विहिरीपासून घरापर्यंत भरल्या घागरी घेऊन पळवण्यात आलं. मुलीला त्यांनी एकदा बघून पसंत केलं होतं. माझी मात्र चार फेऱ्या पळवून परीक्षा झाली! चौथ्या फेरीला त्या माउलीनं माझ्या छातीला कान लावला आणि म्हटलं, "हाय जरा घरघर, पर चालंल."

लग्न थाटात झालं. आहेरात मला टॉवेल-टोपी मिळाली आणि वर आडुळशाच्या काढ्याची मोठी बाटली.

"असू द्या, मास्तर," अण्णा म्हणाले. "घरात फोन हाय."

सगळा मांडव हसला. मला दमाबिमा काही नाही, असं ठणकावून सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण ह्या माणसाशी बोलायची मला सवयच नव्हती. मी नुसता श्वास घेत उभा राहिलो आणि बाटली घेतली.