कार्डामागचे नंबर

मला एका जागी बसता येत नाही. वर्गातल्या माझ्या खुर्चीवर कायम वह्यांचा गठ्ठा बसलेला असतो, मी नसते. घरी चहासुद्धा ओट्यापाशी उभ्यानेच. नवरा म्हणतो, "तुला बस म्हटलं की शिक्षा केल्यासारखं तोंड करतेस." त्यामुळे आमच्या शाळेला देणगीतून मोठं टच पॅनल मिळालं, तेव्हा बाकीच्यांनी धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर टाकली आणि मी ती दुसऱ्याच दिवशी ओढून काढली.

शाळा उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पाजवळची (इथे वस्त्यांना कॅम्पच म्हणतात), मराठी माध्यमाची. आजूबाजूला जीन्स शिवणारे छोटे कारखाने. मी अंबरनाथहून स्कूटीने येते. यंदा माझ्याकडे सहावी आहे. पॅनलबरोबर काय काय करता येतं ते मी रोज शोधत होते आणि त्यात मला कार्डं सापडली.

प्रत्येक मुलाला एक कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार कडांना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. पॅनलवर चार पर्यायांचा प्रश्न येतो, मुलं तो मनात वाचतात आणि जे उत्तर वाटेल ती कड वर करून कार्ड माझ्यासमोर धरतात. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते. बरोबर असेल त्याच्या नावापुढे पॅनलवर हिरवा चौकोन, चूक असेल तर लाल. चाळीस मुलांची चाळीस उत्तरं अर्ध्या मिनिटात. माझ्यासारख्या उतावीळ बाईला आणखी काय पाहिजे? शिवाय नक्षी प्रत्येकाची वेगळी, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. "यात नक्कल होऊच शकत नाही," असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे.

कार्डं मी कॅम्प दोनमधल्या एका दुकानात लॅमिनेट करून घेतली. दुकानदाराने एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ये ताश का कौन सा खेल है?"

"पढ़ाई का," मी म्हटलं.

"फिर तो जीतना मुश्किल है," तो म्हणाला आणि पुढचं कार्ड मशीनमध्ये सरकवलं.

घरी आल्यावर मी प्रत्येक कार्डाच्या मागे हजेरीचा नंबर लिहिलेला स्टिकर लावला. वाटायला सोपं जावं म्हणून सगळे एकाच दिशेने, 'अ'ची कड वर धरून. नीटनेटकेपणाची मला हौस आहे. नवऱ्याला मी तो गठ्ठा कौतुकाने दाखवलाही.

दिवाळीपर्यंत माझा तक्ता हिरवागार झाला. दर शनिवारी मी प्रत्येक मुलाच्या घरी त्याच्या आठवड्याच्या चौकोनांचा फोटो पाठवू लागले. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. तोंडातून शब्द न काढणारी. तिची आई घरी बसून जीन्सचे धागे कापते. या मुलीचे सगळे चौकोन हिरवे. आईने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, पाठोपाठ आवाजात निरोप. "मॅडम, माल द्यायला गेले तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना दाखवलं." तो निरोप मी दोनदा ऐकला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

मुख्याध्यापकांनाही बरं वाटलं. त्यांनी अंबरनाथ आणि बदलापूरच्या काही शाळांमधल्या शिक्षकांना आमचा वर्ग बघायला बोलावलं.

पाहुणे यायला पंधरा दिवस होते, तेव्हा पहिल्या बाकावरची हुशार मुलगी मामाच्या लग्नाला गावी गेली. त्याच दिवशी शेवटच्या बाकावर लाल चौकोन उमटला. दुसऱ्या दिवशीही लाल. मी मोबाईलची काच पुसली. तिचं कार्ड बदललं. ॲप काढून पुन्हा टाकलं. पाच दिवस लाल. मधल्या शनिवारी, यंत्रच बिघडलंय असं समजून, तिच्या घरी फोटो पाठवला नाही. पोरीला बरं नाही, घरी काही झालं असेल, पॅनलवर ऊन पडत असेल, सगळं माझ्या मनात आलं. तिला पुस्तक देऊन वाच म्हणावं, एवढं मात्र पाच दिवस सुचलं नाही.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला थांबवलं आणि धडा वाचायला सांगितला. पहिलं वाक्य तिने धडाधड म्हटलं. मी पान उलटलं. ती गप्प. मी एका शब्दावर बोट ठेवलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली.

"जुळत नाय बाई," ती म्हणाली. "आकडे येतात. अक्षरं सुटी सुटी येतात, जुळत नाय."

"मग एवढे दिवस उत्तरं कशी द्यायचीस?"

तिने लपवलं नाही. उठून पहिल्या बाकावर त्या हुशार मुलीचं तीन नंबरचं कार्ड उभं केलं आणि मला शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं. मी बसले. तिथून कार्डाची मागची बाजू दिसत होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरातला, ठसठशीत तीन.

"सरळ असला की अ," ती म्हणाली. तिने कार्ड वळवलं. "आडवा पडला की ब. उलटा झाला की क. ह्या बाजूला आडवा, ड."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. घरी आईकडे माल येतो ना, पीसवर साइजचा नंबर असतो. उलटा असला तरी वळखावा लागतो, नाय तर बत्तीसची पँट चौतीसच्या गठ्ठ्यात जाते."

मला रागच आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मी ताडकन उठले, वर्गाबाहेर गेले, परत आले, पुन्हा बाहेर गेले. सगळ्यांत जास्त खुपत होतं ते वेगळंच. ही मुलगी पहिलीतही माझ्याकडेच होती. तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या. मी घरातून अक्षरांचे व्हिडिओ बनवून पालकांच्या मोबाईलवर टाकायचे. मेसेजखाली दोन निळ्या टिका दिसल्या की त्या मुलाची हजेरी मांडायची. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. मी तिला विचारलं, ते व्हिडिओ आठवतात का?

"मोबाईल पप्पांकडे असायचा," ती म्हणाली. "ते कामावर बघायचे. रात्री बॅटरी नसायची."

म्हणजे अख्खं वर्ष मी तिच्या बापाची हजेरी मांडली होती.

मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खिडकी लावली. "पाहुणे येऊन जाऊ देत," ते म्हणाले. "आठच दिवस आहेत. मग काढा स्टिकर." वाईट माणूस नाही तो. शाळेचा पट दरवर्षी घसरतोय आणि अशा एखाद्या कौतुकावर त्यांचं बरंच काही अवलंबून आहे. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला अगदी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

त्या आठ दिवसांत मधल्या सुट्टीत मी तिला घेऊन बसायचे. म्हणजे ती बसायची, मी येरझाऱ्या घालायचे. माझ्या घाईने ती बावरते हे लक्षात आल्यावर मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून तिच्या हातात दिला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. ती एक ओळ वाचायची, मग स्वतःचा आवाज ऐकायची. ऐकताना नाक मुरडायची. पुसून पुन्हा वाचायची. एका ओळीला अख्खी सुट्टी जायची. एवढ्या सगळ्या साधनांत तिच्या उपयोगाचं निघालं ते एवढंच.

पाहुण्यांच्या आदल्या संध्याकाळी मी कार्डांचा गठ्ठा घरी आणला. खोबरेल तेल लावून एकेक स्टिकर नखाने खरवडला आणि नंबर पुढच्या बाजूला कोपऱ्यात बारीक लिहिला. नवऱ्याने विचारलं, "उद्याच कार्यक्रम ना? मग आज कशाला?" मी पुढचा स्टिकर खरवडायला घेतला. तो शेजारी बसला आणि निघालेल्या डिंकावर कापड फिरवू लागला.

दुसऱ्या दिवशी आठ-दहा पाहुणे भिंतीला लागून खुर्च्यांवर बसले. प्रश्न आला. एरवी मी वीस सेकंदांचं घड्याळ लावते, त्या दिवशी लावलं नाही. कार्डं वर झाली, पण नेहमीसारखी पटापट नाही. मागच्या दोन रांगांतली मुलं मान उंचावून पुढे बघत होती आणि त्यांना कोरी कार्डं दिसत होती. ती एकटी नव्हती तर. शेवटी सगळी कार्डं वर आली, एक सोडून. तिचे ओठ हलत होते. हवेत बोट एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जात होतं. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "घ्या पुढे." मोबाईल धरून माझा हात भरून आला होता आणि पाय जागच्या जागी हलत होते, पण मी थांबले. तिने कार्ड वर केलं.

पॅनलवर अर्धा वर्ग लाल आला. तीही लाल.

"नेहमी असंच येतं का?" एका पाहुण्याने विचारलं.

"नाही. नेहमी हिरवं यायचं," मी म्हटलं आणि स्टिकरची सगळी हकीकत सांगून टाकली. मुख्याध्यापक जमिनीकडे बघत होते. कोणी हसलं नाही. निघताना बदलापूरच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. "आमच्या कार्डांवरही मागे नंबर आहेत," त्या म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या.

तो शनिवार होता. घरोघरी फोटो पाठवायचा दिवस. मी तिचा तेवढा ठेवून दिला. शाळा सुटल्यावर ती दाराशी उभी राहिली.

"बाई, आईला माझा पाठवला का?"

"लाल आहे गं."

"मी वाचून दिलेला," ती म्हणाली. "पाठवा."

मी पाठवला. दोन निळ्या टिका लगेच आल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि तिला स्कूटीवर मागे बसवून तिच्या घरी गेले.

खोलीत निम्म्या जागेत जीन्सचा ढीग होता. आई कात्री चालवत होती. मोबाईल बाजूला, फोटो तसाच उघडा. "मॅडम, एवढे दिवस तर हिरवं होतं," ती म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नंबर, कार्डं, तिला अजून वाचता येत नाही ते. माझं चुकलं, असंही म्हटलं. ती ऐकत होती, हात चालू होते. मग कात्री थांबली.

"म्हणजे पहिलीत तुम्ही पास लिहिलं, ते पण?"

"हो," मी म्हटलं. "ते पण."

मला वाटलं, शिव्या देईल तर बरं. तिने ढीग हाताने मागे लोटला, फरशीवर एका माणसापुरती जागा झाली.

"बसा," ती मला म्हणाली. मग मुलीकडे वळली. "काढ पुस्तक. मला ऐकू दे."

मी बसले. मुलगी पहिल्या शब्दापाशी अडली, मागे आली, पुन्हा निघाली. आई कात्री मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होती. ओळ संपायला किती वेळ लागला माहीत नाही. संपेपर्यंत मी उठले नाही.