संघ म्हणजे कुठला?

आमच्या छापखान्यात प्रूफ बिनचूक झालं की आबा, म्हणजे माझे वडील, खाली लाल शाईनं ‘छापावे’ असं लिहीत. त्या शब्दाशिवाय यंत्र सुरू होत नसे. मी अक्षरं शिकले तीच वाया गेलेल्या पत्रकांवर. मोर्चाच्या, निवडणुकीच्या, दारूबंदीच्या. त्यामुळे गेल्या वर्षी माझी पहिली पुस्तिका लिहून झाली, तेव्हा कुणाच्याही कौतुकापेक्षा मला तो लाल शब्द हवा होता.

विषय सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचा. इंग्रजांशी लढून तेरा राज्यं नुकतीच एक झाली होती. अर्थमंत्री म्हणत होता, राज्यांची कर्जं संघानं आपल्या डोक्यावर घ्यावीत, देशाची एक बँक काढावी. विरोधक म्हणत होते, घटनेनं संघाला हा अधिकार दिलाच कुठं? आणि ज्यांनी आपलं कर्ज फेडलं, त्यांनी दुसऱ्याचं का भरावं? मी विरोधकांच्या बाजूनं पेटून लिहिलं होतं. दिल्ली मनात ठेवूनच.

आबांनी चष्मा पुसला, दोन पानं वाचली आणि थांबले.

“अगं, ह्यात दूध संघाला कशाला ओढलंस? सगळी गिऱ्हाइकं तुटतील की!”

जन्मभर दूध संघांचे अहवाल छापलेला माणूस. त्यांच्या लेखी संघ एकच. मी हसत हसत खालीच बसले.

“आबा, संघ म्हणजे तिथलं केंद्र सरकार.”

“मग तसं लिव्ह की. हे आपल्या कोडोली गावचा माणूस वाचणार हाय, का तुझा प्रोफेसर?”

पुढं तोडग्याचं पान आलं. दोन्ही बाजूंचं एका जेवणात ठरलं होतं: कर्जं केंद्रानं घ्यायची, बदल्यात राजधानी विरोधकांच्या दक्षिणेकडे न्यायची.

“जेवण घालून ठराव मंजूर? म्हंजे ही आपलीच माणसं की!”

मग मात्र ते पुन्हा पहिल्या पानावर गेले. लाल पेनाचं टोपण काही ते काढेनात.

“राज्यांनी कर्ज काढलंतं कशापायी?”

“लढाईसाठी.”

“लढाई कुणाची?”

“सगळ्यांची.”

“मग हे कुठं लिवलंयस?”

कुठंच नव्हतं. मला माहीत होतं, पण माझी बाजू लंगडी पडेल म्हणून मी ते गाळलं होतं.

“म्हणजे तुम्ही अर्थमंत्र्याच्या बाजूचे?”

“माझं सोड. समोरच्याचं म्हणणं गाळलेली पत्रकं मी लई छापली, पोटासाठी. तुझं तसं नको, बाळ.”

त्यांच्याच टेबलाशी बसून मी अर्थमंत्र्याची बाजू पानभर लिहिली. माझं मत बदललं नाही. मांडताना घाम मात्र फुटला.

“आजून तुझं मला पटल्यालं न्हाय,” म्हणत आबांनी टोपण काढलं. हात हल्ली थरथरतो, त्यामुळे ‘छापावे’मधला ‘वे’ ओळीखाली घसरला.

ते पान मी यंत्रावर दिलं नाही, माझ्याकडेच ठेवलं. दुसरी प्रत काढून दिली.