खाटीखालची जागा

समस्त घाटंजीकरांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बायबलातली ती कनानी बाई आपल्याच गावची होती. साठ सालाच्या सुमारास चर्च झाडणारी आमची शेजारीण तरी तिची गोष्ट तशीच सांगायची. “बाई परजातीची, तिची पोरगी बिमार. येशूले म्हने, बरी कर. येशू म्हने, लेकरायची भाकर कुत्र्याले कशी देऊ? बाई म्हने, नोको देऊ बाप्पा, खाली सांडला चुरा त देशीन?” ‘चुरा’ म्हणताना ती ओंजळ पुढे करी आणि भांडण जिंकल्यासारखी हसे. तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

एकदा तिची नात तापानं फणफणली. मी दोघींना बैलगाडीनं मिशनच्या दवाखान्यात नेलं.

“खाट रिकामी नाही, बाई. उद्या या,” डॉक्टर म्हणाले.

मी बैल वळवायला निघालो. तिनं मात्र तीच ओंजळ पुढे केली.

“खाट कोन मांगते, बाप्पा? खाटीखाली त जागा हाये ना.”